आत्ता आणि मघाशी

सोमवार, ३ फेब्रुवारी

तीस वर्षं वह्या भरतोय, पण त्यांत नुसते पोल व्हॉल्टचे आकडे. धाव किती पावलांची, पोल कुठे धरला, बार किती उंच, पडला की राहिला. आजपासून डावं पान आकड्यांचं आणि उजवं माझं, अशी वाटणी केली. का, ते सांगतो. (स्वतःच्याच वहीत कोणाला सांगतोय, देव जाणे. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी वर्गासमोर उभा असल्यासारखा बोलतो, असं ही म्हणते ते खरंय.)

नाकतोडी तीन साठवर अडकली आहे. चौदा महिने झाले. तिचं खरं नाव कॉलेजच्या पटावर आहे. मैदानावर ती पहिल्या दिवसापासून नाकतोडी, कारण नुसते पाय आणि मध्ये जराशी पोरगी. प्रशिक्षण केंद्राची निवड चाचणी पंधरा मार्चला आहे. तिथे राहून शिकायचं तर तीन मीटर पंच्याहत्तर उडावं लागतं, आणि वय विसाच्या आत लागतं. जूनमध्ये तिला वीस पूर्ण होतात. म्हणजे ही एकच संधी. हुकली की ती बापाच्या औषधांच्या दुकानात बसणार, असं ठरलंय. बाप वाईट नाही. तीन वर्षं गप्प बसलाय बिचारा.

संध्याकाळी लेक टॅब घेऊन आली. ती लग्नाचे व्हिडिओ कापते आणि जोडते. नवऱ्या मुलीचं रडणं लांबवते, काकांचं भाषण छाटते. म्हणाली, "बाबा, मी नाकतोडीच्या उड्या शूट करते. एका सेकंदाच्या एकशेवीस फ्रेम मिळतात. कुठे चुकतंय ते कळेल."

मी म्हटलं, "मला चूक दिसायला यंत्र लागत नाही."

"मग चौदा महिने काय दिसलं?"

मी चहा प्यायला लागलो. या घरात मला असं उत्तर द्यायची पद्धत तिच्या आईने पाडली आहे.

कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या म्हणे. मी शेजारीच पेपर वाचत होतो, मी तीनच मोजल्या. भात करपला त्याचं खापर माझ्या डोक्यावर.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज शूटिंग. लेकीने तीन पायांच्या स्टँडवर टॅब लावला, माझ्या शेजारीच, धावपट्टीच्या बाजूला. नाकतोडीने वेणी तीनदा बांधली. मी म्हटलं, लग्नाचा व्हिडिओ नाहीये हा. तर दोघी हसत बसल्या.

खरं सांगतो, हरखून गेलो. पोल घेऊन सोळा पावलं धावायचं, पोलचं टोक जमिनीतल्या पत्र्याच्या बॉक्समध्ये रोवायचं, पोल वाकला की लटकून पाय वर न्यायचे, तो सरळ होताना बारवरून पलीकडे. सांगायला एक वाक्य. हे सगळं मी आयुष्यभर पाच-सहा सेकंदांत पाहत आलो आणि आज टॅबवर पोरगी हवेत थांबली. अक्षरशः थांबली. तिच्या बुटाची सुटलेली नाडी दिसत होती.

चूकही दिसली. उडतानाचं डावं पाऊल वरच्या हाताच्या बरोबर खाली पडायला हवं. तिचं एक वीत पुढे, बॉक्सच्या दिशेला पडतंय. त्यामुळे पोल वाकायच्या आत तिला हिसका बसतो आणि सगळा जोर वाया जातो. पाऊल आत पडतं हे मला माहीत होतंच, पण एक वीत! मला चार बोटं वाटलं होतं.

वस्तादांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते? वस्ताद म्हणजे माझे गुरू. दिवसा टपाल कार्यालयात शिक्के मारायचे, संध्याकाळी आम्हाला उडवायचे. त्यांनी आम्हाला एकच मंत्र दिला: "आत्ता!" धावताना शेवटून तिसरं पाऊल पडलं की ते ओरडत, "आत्ता!" आणि आमचे हात पोल घेऊन वर. मीही तीस वर्षं तेच ओरडतोय. माझ्या "आत्ता"वर सहा जण निवडले गेलेत. यंत्राला हे कुठून कळणार!

रविवार, ९ फेब्रुवारी

जेवणाच्या टेबलावर टॅब मांडून बसलो. टॅबला आवाज फारच कमी आहे. लेक म्हणाली, फुल आहे. मी म्हटलं, मग कंपनीने फुल कमी ठेवलाय.

तिने एक युक्ती दाखवली. चित्राच्या खाली आवाजाची एक रेघ येते. कोणी ओरडलं की रेघ डोंगरासारखी उंच होते. नाकतोडीचं तिसरं पाऊल टेकलं तिथे लेकीने चित्र थांबवलं. माझ्या "आत्ता"चा डोंगर त्याच्या बराच पुढे. तिने एकेक फ्रेम सरकवत मोजलं. चौदा.

"म्हणजे आवाज चित्राच्या चौदा फ्रेम मागून येतोय," मी म्हटलं. "यंत्राचा दोष आहे. जुने सिनेमे नाही का, ओठ आधी हलतात नि संवाद नंतर."

लेक काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात हिने तिच्याकडे साखर मागितली. साखर हिच्याच पुढ्यात होती. वय झालं हिचं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

उपाय चालू. सुरुवातीची खूण एक बूट मागे घेतली. पाऊल आतच. दोन बूट मागे घेतली, तर पोरगी शेवटची पावलं लांब टाकायला लागली आणि उडी आणखीनच बिघडली. जरा मऊ पोल दिला. तोही वाया. एकदा तर पोल वाकलाच नाही आणि ती लटकत मागे धावपट्टीवर परत आली. पाठीवर पडता पडता वाचली. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी ओरडतो.

"हात घाईने वर जातायत! माझ्या आत्तासाठी थांबायचं! थांबायचं म्हणजे थांबायचं!"

"थांबते सर," म्हणाली. डोळे भरले होते. लेकीने मान दुसरीकडे वळवली.

हल्लीच्या मुली बोलतात पण किती तोंडातल्या तोंडात! अर्धं कळतच नाही. नाकतोडी पूर्वी खणखणीत बोलायची.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ताप. परवापासून अंथरुणात. मैदानावर जायचं नाही असा हिचा हुकूम आहे आणि बूट लपवलेत. लेक म्हणाली, मी जाते, शूटिंग चालू ठेवते. जा म्हटलं.

पडून पडून जुनं आठवतंय. तेव्हा आमचा पोल म्हणजे बांबू. लाकडाच्या वखारीत जाऊन वस्ताद एकेक बांबू कानाशी धरून बोटाने वाजवायचे. चिरलेला असेल तर आवाज बद्द येतो म्हणायचे. पेरापेराला चिकटपट्टी गुंडाळायची. पलीकडे गादी कसली, भुशाचा ढीग. घरी गेलो की कपड्यांतून, कानांतून, चड्डीतून भुसा निघायचा आणि आई म्हणायची, उंबऱ्याबाहेरच झटक स्वतःला. अजून कुठे सुताराच्या दुकानावरून गेलो की त्या वासाने पाय थबकतात. एकोणीस वर्षांचा होतो. अंगात भूत संचारल्यासारखं धावायचो.

वस्तादांची गंमत म्हणजे ते धावपट्टीकडे पाठ करून उभे राहायचे. बघायचेच नाहीत. हात मागे, मान जरा वाकडी, नुसते ऐकायचे. "डोळ्यांच्या नादी लागू नकोस, पावलं ऐक," म्हणायचे. दिवसभर शिक्के मारून ताल असा अंगात भिनला होता की तिसरं पाऊल पडायच्या आतच त्यांना ते कळायचं. माझं "आत्ता" त्यांच्यावरूनच. मीही पाठ करूनच उभा राहायचो. आता दोन वर्षं तोंड करून उभा राहतो, कारण नवी धावपट्टी रबराची, पावलं वाजतच नाहीत तिच्यावर. बघून ओरडावं लागतं.

शेवटच्या वर्षी वस्तादही तोंड करून उभे राहायला लागले होते. मला वाटायचं, माझी उडी इतकी झकास झालीय की त्यांना बघितल्याशिवाय राहवत नाही! त्याच वर्षी मी तो विनोद केला. त्यांची हाक उशिरा यायला लागली होती. भुशात पडल्या पडल्या मी सगळ्यांदेखत ओरडलो, "वस्ताद, तुमचं आत्ता म्हणजे आमचं मघाशी!" पोरं हसून लोळली. वस्तादही हसले, डोळे पुसेपर्यंत हसले. पुढे कितीतरी महिने मैदानावर कोणी उशिरा आलं की सगळे म्हणायचे, "आला बघा, मघाशी!"

फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हाक द्यायची सोडून दिली. लांब उभे राहायचे, हात मागे, तोंड बंद. रुसले. थट्टासुद्धा कळू नये माणसाला? मग मी स्वतःच मोजून उडायला लागलो आणि त्या हंगामात चार मीटर गेलो. एकट्याच्या जिवावर. वर्षाअखेर ते निवृत्त होऊन गावी गेले. पोरं स्टेशनवर सोडायला गेली होती. मी गेलो नाही. म्हटलं, त्यांनी अबोला धरलाय, मी का वाकू.

ताप चढतोय वाटतं. बास.

रविवार, २३ फेब्रुवारी

ताप गेला. टॅब चाळायला शिकलो, बोट आडवं सरकवलं की मागची चित्रं येतात. सरकवता सरकवता विसाव्या तारखेची एक उडी सापडली. बघतो तर काय! पाऊल हाताच्या बरोबर खाली. पोल धनुष्यासारखा वाकलेला. कंबर बारच्या वर हातभर. पुढची उडी तशीच. तिसरीही तशीच. आणि मी घरात काढा पितोय.

लेकीला हाक मारली. ती धावत आली आणि तिचं तोंडच उतरलं. "ती... ती राहून गेली होती पुसायची," म्हणाली.

"पुसायची? वेडी का तू! फ्रेम करून भिंतीवर लावायची उडी आहे ही. बार किती होता?"

"तीन सत्तर."

मी ओरडलोच. पाहिलंत? पंधरा तारखेला मी खूण हलवली, झापलं, त्याचा परिणाम पाच दिवसांनी दिसला. शिकवणं असं हळूहळू मुरतं. नाकतोडीला फोन केला. म्हणाली, "सर, त्या दिवशी वारा चांगला होता." बापरे, काय विनय! मी म्हटलं, वाऱ्याला श्रेय देऊ नकोस, तुझ्या सरांना दे. हसली, पण फार थोडं.

शनिवार, १ मार्च

पुन्हा तेच. मी असताना तीन साठसुद्धा जाईना. वारा विसाव्या तारखेसारखाच, पाठीमागून. पोल तोच. बूट तेच. मी ओरडतोय, ती थांबतेय, पाऊल वीतभर आत.

पाच उड्यांनंतर लेक म्हणाली, "बाबा, एक उडी हाक न देता बघू या?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तीस वर्षं हाक देतोय! तुझा हा टॅब आवाज उशिरा पकडतो म्हणून तुला वाटतं मी उशिरा ओरडतो!"

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की ती तसं म्हणालीच नव्हती. तसं म्हणालो तो मीच.

नाकतोडी पोल पुसत बसली होती. पोल केव्हाच पुसून झाला होता.

मंगळवार, ४ मार्च

यंत्राचा खोटेपणा सिद्ध करायचा ठरवला. शर्यत सोडताना आपटायच्या त्या दोन लाकडी फळ्या असतात ना, बिजागरीने जोडलेल्या, त्या शाळेच्या कपाटातून काढून आणल्या. त्यांचा आवाज म्हणजे बंदुकीचा बार. अंगणात टॅबसमोर उभा राहिलो आणि फाडकन आपटल्या. लेकीला म्हटलं, आता मोज. फळ्या चिकटल्या ती फ्रेम आणि आवाजाचा डोंगर, मध्ये चौदा फ्रेम निघाल्या की यंत्र दुकानात परत.

एकाच फ्रेममध्ये निघाले. फळ्या चिकटल्या तिथेच डोंगर.

पुन्हा आपटल्या. तीच फ्रेम. अकरा वेळा आपटल्या. शेजारीण गच्चीवरून वाकून बघून गेली. अकराही वेळा तीच फ्रेम.

लेक म्हणाली, "बाबा, पुरे."

यंत्रात काही दोष नाही.

बुधवार, ५ मार्च

काल पुढे लिहिता आलं नाही.

सकाळी हिला विचारलं, "कुकरच्या खरंच सहा शिट्ट्या झाल्या होत्या?" ही भाजी निवडत होती. निवडणं थांबवून म्हणाली, "अहो, दीड वर्ष झालं. दाराची घंटा तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी स्वतःच उठते. टीव्ही किती मोठा असतो! तुम्हाला सांगायला गेलं की तुम्ही म्हणता, लोक तोंडातल्या तोंडात बोलतात."

धावपट्टी रबराची आहे खरी, पण पावलं वाजतात. मलाच ऐकू येत नाहीत. ऐकू यायची तेव्हा ताल धरून आधीच ओरडायचो. आता दिसल्यावर ओरडतो. दिसून, कळून, तोंड उघडेपर्यंत चौदा फ्रेम जातात. आणि ती पोर माझ्यासाठी थांबते. मीच थांबायला सांगितलंय. वीतभर पाऊल आत जातं ते तिचं नाही, माझं.

आणि वस्ताद. अरे देवा. शेवटच्या वर्षी तोंड करून उभे राहिले ते माझी उडी बघायला नव्हे. चाळीस वर्षं शिक्क्यांच्या खडखडाटात कान गेले असणार त्यांचे. ते रुसले नव्हते. माझ्या विनोदातलं खरं त्यांना एका संध्याकाळी कळलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते खरं धरून तोंड मिटलं, म्हणून मी चार मीटर गेलो. एकट्याच्या जिवावर म्हणे! आयुष्यभर मी हे छाती पुढे काढून सांगत फिरलो. स्टेशनवर गेलो असतो तर काय बिघडलं असतं माझं? सोडायला आलेल्या पोरांत ते मलाच शोधत असतील.

मी त्यांना सगळ्यांदेखत बोललो. या पोरीने मला एकदाही बोलून दाखवलं नाही. कसली लाज वाटतेय आज, लिहिता येत नाही.

रविवार, ९ मार्च

नाकतोडीला गादीवर शेजारी बसवलं. लेकीला सांगितलं, टॅब बंद ठेव.

म्हटलं, "माझी हाक उशिरा येते हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

तिने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग जरा मोठ्याने, माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "मागच्या पावसाळ्यापासून, सर."

"आणि थांबलीस?"

"तुम्ही म्हणालात ना, थांबायचं."

"अगं पण तुझी निवड, तुझं सगळं आयुष्य... एका शब्दाने सांगायचंस!"

"काय सांगणार होते सर? तुम्हाला?" आणि रडायलाच लागली. "ताईंनी विसाव्या तारखेला सांगितलं, स्वतःच्या मनाने उड. उडले. छान झाली उडी. पण सर, चोरी केल्यासारखं वाटलं. घरी जेवले नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मग म्हटलं, आजपासून माझी हाक बंद. तर घाबरली. नवीन होती तेव्हा धावत बॉक्सपर्यंत यायची आणि उडीच मारायची नाही, तशीच पुढे पळत जायची. माझं "आत्ता" ऐकलं की पाय सुटायचे. म्हणाली, "चाचणीला जीव घाबराघुबरा होतो सर. शब्द कानावर पडला नाही तर मी पळून जाईन बहुतेक."

"मग तू म्हण."

"मी?"

"शब्द काय माझ्या बापाचा आहे? मीही दुसऱ्याकडूनच घेतलाय. धावताना तूच म्हण. मोठ्याने."

पहिल्यांदा परक्या घरी पाणी मागावं तसं पुटपुटली. लेक लांबून ओरडली, "ऐकू नाही आलं!" मी म्हटलं, मलासुद्धा. तिघंही हसलो. आठव्या उडीला बहुतेक खरंच ओरडली, कारण कुंपणावरची कबुतरं उडाली. पाऊल हाताखाली.

बुधवार, १२ मार्च

तीन सत्तर दोनदा. हिने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय. मी म्हटलं, पंधरानंतर. ही म्हणाली, "तुमचं पंधरानंतर मला माहितीय." पण भांडली नाही. रात्री मी झोपायच्या आधी उशाशी दिवा ठेवला, दार वाजलं तर लुकलुकणारा. लेकीने आणलाय. आधी आणला असता तर मी फेकून दिला असता.

शनिवार, १५ मार्च

घरी येऊन तासभर झाला.

तीन पन्नास पहिल्या उडीत. तीन पासष्ट दुसऱ्या उडीत. मग बार तीन पंच्याहत्तरवर. प्रत्येकीला तीन संधी. पहिली, पोटरीने बार पाडला. दुसरी... दुसरीला तेच झालं ज्याची भीती होती. धावत आली आणि उडीच मारली नाही, बॉक्सवरून पळत गादीला जाऊन धडकली. सगळं मैदान बघत होतं. तिचा बाप समोर बसला होता, त्याने डोळे मिटले.

ती पोल घेऊन परत जाताना मी आणि टॅब लावलेली लेक उभे होतो त्या कठड्याशी आली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, म्हणजे ओठांवरून कळलं मला, "सर, तुम्ही द्या ना हाक. एकदाच. मी आधी उडेन, तुम्ही नुसतं म्हणा."

जीव तुटला माझा. द्यावी असं किती वाटलं! पण दिली असती तर ती थांबलीच असती. सवय आहे तिला थांबायची, माझ्यासाठी. मी मान हलवली. हात पाठीमागे घेतले आणि धावपट्टीकडे पाठ करून उभा राहिलो. बघायचंच नाही ठरवलं. बघितलं असतं तर ओरडलो असतो.

वस्ताद असेच उभे असत. आता कळतंय, मागे घेतलेले हात का घट्ट धरायचे ते.

मला पावलं ऐकू आली नाहीत. काहीच ऐकू आलं नाही. समोर भिंत, तिच्यावर कोणीतरी लावलेला नळाचा पाइप, त्यातून पाणी ठिबकत होतं, तेवढं दिसलं. तोंड मी गच्च मिटून ठेवलं होतं. मग लेकीने मला मागून मिठी मारली आणि माझ्या पाठीवर बुक्क्या मारायला लागली. वळून बघतो तर बार जागच्या जागी, थरथरत, आणि नाकतोडी गादीवर उताणी, दोन्ही पाय हवेत झाडतेय. खरंच नाकतोडी.

बाप मुलीला सोडून माझ्याच गळ्यात पडला. काय बोलला ते कळलं नाही. मी हो म्हटलं.

संध्याकाळी लेकीने टॅबवर उडी दाखवली. तिसऱ्या पावलाला चित्र थांबवलं. पोरीचं तोंड उघडं, दात दिसतायत. "आत्ता." अगदी त्याच फ्रेममध्ये.

म्हटलं, पाहिलंस? मी हाक दिली नाही. पहिल्यांदा आयुष्यात तोंड बंद ठेवलं. लेक म्हणाली, "हो बाबा." आणि टॅब बंद केला.

सोमवार, २४ मार्च

आज नाकतोडीला गाडीत बसवून आलो. केंद्रावर नेमका पोल मिळेल का, तिथल्या सरांना राग येतो का, अशा शंभर शंका. पोल तिथले वापर, पण चिकटपट्टी स्वतःची ने म्हटलं आणि माझी जुनी गुंडाळी दिली. गाडी हलली तशी खिडकीतून ओरडली, "सर, आत्ता!" ऐकू आलं. लख्ख ऐकू आलं, कारण परवाच कानात यंत्र बसवलंय. या वेळी मी स्टेशनवर होतो.

हे यंत्र विचित्र आहे. स्वतःचं चावणं ऐकू येतं. ही भाजी निवडताना गाणं गुणगुणते, हे मी विसरूनच गेलो होतो. गेली दोन वर्षं तिने बंद केलंय असं मला वाटत होतं.

घरी आल्यावर लेकीला म्हटलं, ती चाचणीची उडी लाव, आवाजासकट. ती म्हणाली, "नको बाबा, चित्रच छान आहे." मी म्हटलं, लाव. तिने लावली, आणि मी डोळे मिटून पाठ करून बसलो, वस्तादांसारखा.

पावलं! सोळाही मोजली. रबरावर मऊ, पण एकेक वेगळं. चौदावं पडलं आणि पोरीचा आवाज, खणखणीत: "आत्ता!"

आणि त्याच्या मागोमाग, टॅबच्या अगदी जवळून, एक दबलेला, घोगरा आवाज: "आत्ता."

मी डोळे उघडले. लेक माझ्याकडे बघत नव्हती.

"हे कोण?"

"तुम्हीच बाबा. तुम्हाला कळलं नाही तेव्हा."

मोजल्या म्हणे तिने, पोरीच्या हाकेपासून. चौदाच फ्रेम.

म्हणजे तोंड गच्च मिटूनसुद्धा मी बोललोच. पोरीची हाक कुठेतरी आत पोचली असणार, पण मला माझंच ऐकू आलं नाही. खूप हसलो आणि मग हसता हसता रडू आलं, ते हिने बघितलं आणि गाणं न थांबवता माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

वस्ताद त्या संपूर्ण हंगामात लांब उभे असायचे, हात मागे, तोंड बंद. तेही म्हणत असतील. प्रत्येक उडीला म्हणत असतील. त्यांचे कान गेले होते, पण माझे तर चांगले होते ना? मीच ऐकत नव्हतो.